पायलट, डिस्पॅचर आणि त्यांच्यातली कुरबुर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइट डिस्पॅचमध्ये मी चौदा वर्षं काढली. सुरुवात सांताक्रूझच्या ब्रीफिंग रूममध्ये झाली, पुढे कंट्रोल सेंटरमध्ये गेलो. कोर्स करणारी मुलं, त्यांचे पालक, अधूनमधून एखादा तरुण फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलं. जिथे गोष्ट माझ्या अनुभवातली आहे तिथे कंपनीचं नाव घेतलेलं नाही. नाव घेतलं की माणसंही ओळखू येतात.

१. डिस्पॅचर म्हणजे विमानाखाली वॉकीटॉकी घेऊन पळणारी पिवळ्या जॅकेटमधली व्यक्ती ना?

नाही. घोटाळा होतो कारण ब्रिटनमध्ये त्या कामालाही डिस्पॅचरच म्हणतात. फ्लाइट डिस्पॅचर विमानाजवळ क्वचितच दिसतो. मार्ग कुठला, उंची किती, इंधन किती, ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ (आमच्या भाषेत ऑल्टरनेट) कुठला, हवामान काय म्हणतंय, कुठली धावपट्टी बंद आहे, विमानातला कुठला बिघाड दुरुस्तीविना चालवून घेता येतो, हे सगळं बघून तो उड्डाणाचा आराखडा बनवतो. त्याला ओएफपी म्हणतात. विमान उडाल्यावर ते उतरेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवणं हेही त्याचंच काम, आणि एका वेळी त्याच्या स्क्रीनवर अशी कितीतरी विमानं असतात. एअर ट्रॅफिक कंट्रोलर वेगळा. तो सरकारी यंत्रणेचा, डिस्पॅचर एअरलाइनचा.

२. शेवटचा शब्द कॅप्टनचाच ना? मग वाद कसला?

विमान हलल्यापासून थांबेपर्यंत शेवटचा शब्द कॅप्टनचा, यात कुठल्याही देशात दुमत नाही. वाद असतो तो त्याआधीच्या तासाभरातला. तेव्हा कागद डिस्पॅचरने बनवलेला असतो आणि जीव कॅप्टनच्या हातात जाणार असतो. त्या तासात कोणाचं किती चालतं हे देशावर अवलंबून आहे (प्रश्न ३ पाहा).

३. भारतात आणि अमेरिकेत नेमका फरक काय? तिकडे डिस्पॅचरला जास्त मान असतो म्हणतात.

तिकडे मान कायद्याने दिलेला आहे. अमेरिकेत मोठ्या एअरलाइनच्या उड्डाणाचं नियोजन, उशीर आणि रिलीज (उड्डाण सोडायची लेखी मंजुरी) यांची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर यांची संयुक्त असते. रिलीजवर दोघांच्या सह्या लागतात, आणि उड्डाण सुरक्षितपणे होईल असं दोघांनाही वाटत असेल तरच सही करायची असते. दोघांपैकी एकाचंही मत ‘हे आता सुरक्षित नाही’ असं झालं तर त्या विमानतळाच्या दिशेने पुढे जाता येत नाही. अपवाद एकच: त्याहून सुरक्षित दुसरा मार्गच उरलेला नाही असं कॅप्टनला वाटलं तर. डिस्पॅचरला सरकारी सर्टिफिकेट लागतं आणि ते वयाच्या २३ व्या वर्षाआधी मिळत नाही.

यामागे एक अपघात आहे. ६ मे १९३५ ला टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनचं एक डीसी-२ विमान मिसुरी राज्यात कोसळलं. खाली धुकं होतं आणि इंधन संपत आलं होतं. मृतांमध्ये न्यू मेक्सिकोचे सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते. खासदारच गेल्यावर चौकशा जोरात होतात, हे सगळीकडे सारखंच. त्या धुराळ्यातून १९३८ चा नागरी विमान वाहतूक कायदा आला, आणि जमिनीवरून विमानाची काळजी वाहणाऱ्या माणसालाही परवाना हवा हे पक्कं झालं.

आपल्याकडची घडण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांवरची. त्यात डिस्पॅचरने कॅप्टनला उड्डाणाच्या तयारीत ‘मदत’ करायची असं म्हटलंय. ओएफपी कॅप्टनने मंजूर करून सही करायची, आणि लागू असेल तिथे डिस्पॅचरनेही. आपल्या डिस्पॅचरला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता घ्यावी लागते, परीक्षा आणि तोंडी दोन्ही दिव्यं पार करावी लागतात, पण तो ‘मदत’ हा शब्द काही पाठ सोडत नाही. माझ्या मते निम्मी कुरबुर त्या एका शब्दातून येते. काही कॅप्टन तो ‘सोबत’ असा वाचतात, काही ‘हाताखाली’ असा.

४. भांडणं होतात ती नेमकी कशावरून?

दहातल्या आठ वेळा इंधनावरून, निदान माझ्या खोलीत तरी.

पुणे–दिल्ली घ्या, विमान एअरबस ए३२०. ओएफपीमध्ये प्रवासाचं इंधन असतं, वाटेतल्या फेरफारासाठी थोडं, ऑल्टरनेटपर्यंतचं, आणि शेवटी तीस मिनिटांचं राखीव, ज्याला हात लावायची वेळ येऊच नये. कॅप्टन आकडा बघून म्हणतात, “आणखी एक टन द्या.” एक टन म्हणजे या विमानाला साधारण पंचवीस मिनिटं. पण जादा वजन वाहून न्यायलाही इंधन जळतं. ढोबळ हिशेब असा, की जादा इंधनाचे तीन ते चार टक्के दर तासाला नुसते वाहण्यात जातात. दोन तासांत साठ-सत्तर किलो गेले. एका फेरीत ते काहीच नाही, पण रोजच्या शेकडो फेऱ्यांना गुणा, मग वरिष्ठ का कुरकुरतात ते कळतं.

आता दोघांच्या जागी बसून पाहा. डिस्पॅचरसमोर त्या मार्गाची महिनोन्‌महिन्यांची आकडेवारी असते: या वेळेला दिल्लीत सरासरी किती घिरट्या पडतात, वारा कसा असतो. कॅप्टनला आठवत असते ती एकच रात्र, जुलैतली. मुंबईवर पाऊस कोसळतोय, पुढची तीन विमानं न उतरता परत वर गेली आहेत आणि इंधनाचा काटा खाली सरकतोय. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आकडेवारी बरोबर असते आणि ती आठवणही खरी असते. भांडण पेटतं ते यातलं एक दुसऱ्याला खोटं ठरवायला निघतं तेव्हा.

वजनाची मर्यादा असलेल्या ठिकाणी प्रकरण आणखी चिघळतं. लेहसारख्या सव्वातीन हजार मीटर उंचीवरच्या धावपट्टीवरून तापलेल्या हवेत निघताना जादा इंधन म्हणजे सरळ कोणाच्या तरी बॅगा खाली. मग भांडणात तिसरा माणूस येतो, विमानतळाचा मॅनेजर, आणि तो दोघांवरही चिडलेला असतो.

उरलेल्या दोन वेळा कारणं किरकोळ: ऑल्टरनेट न आवडणं, अगदी शेवटच्या क्षणी मार्ग बदलणं, विमान बदलल्यामुळे सगळा कागद नव्याने येणं.

५. कॅप्टनने जादा इंधन मागितलं आणि डिस्पॅचरने ‘नाही’ म्हटलं तर?

आपल्याकडे सहसा तसं म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. कारण विचारावं, नोंद करावी, आकडा बदलून द्यावा. विचारण्याचा सूर महत्त्वाचा. “का हवंय?” आणि “सर, तुम्हाला तिकडचं काही दिसतंय का जे मला दिसत नाहीये?” हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मला अनेकदा खरोखर उपयोगी उत्तर मिळालंय.

उलटही घडतं. डिस्पॅचर जास्त म्हणतो, कॅप्टन म्हणतात नको. अशा वेळी दोघांत जो जास्त सावध, त्याचं चालू द्यावं हा आमच्या खोलीतला जुना संकेत. मी तो मोडलेला नाही.

६. इंधन कमी ठेवायला कंपनी डिस्पॅचरवर दबाव आणते का?

‘कमी ठेवा’ असं कोणी लिहून देत नाही. पण कोणाच्या शिफ्टमध्ये किती जादा इंधन गेलं याचे तक्ते निघतात, तसेच कॅप्टनांचेही निघतात. तक्त्यात नाव वर दिसू नये असं कोणाला वाटत नाही? दबाव असतो तो असा.

गंमत म्हणजे कधी कंपनीच हवं त्याहून जास्त इंधन भरायला लावते. विमानाचं इंधन जीएसटीबाहेर आहे, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट. महाराष्ट्राने २०२३ मध्ये मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. जिथे स्वस्त तिथून परतीचंही भरून न्यायचं, याला टँकरिंग म्हणतात. म्हणजे सोमवारी टनभर मागितलं म्हणून तोंड वाकडं आणि मंगळवारी न मागता तीन टन. कॅप्टन वैतागले तर त्यांचं काय चुकलं?

७. पायलट डिस्पॅचरला कारकून समजतात हे खरं आहे का?

काही समजतात. सगळे नाही, आणि पूर्वीपेक्षा कमी.

पण यात जागेचा भाग मोठा आहे, त्याकडे लोक लक्ष देत नाहीत. मी लागलो तेव्हा कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर ब्रीफिंग रूमच्या काउंटरवर यायचे. कागदांचा गठ्ठा मी हातात द्यायचो, हवामानाच्या नकाशावर बोट ठेवून सांगायचो, “सर, इथे ढग जरा जास्त आहेत.” कधी कटिंग चहा व्हायचा. माणूस चेहऱ्याने ओळखीचा असायचा. आता ओएफपी टॅबलेटवर जातो. बड्या एअरलाइनचं कंट्रोल सेंटर गुरुग्रामला, कॅप्टन नागपूरला. त्यांना माझ्याबद्दल दिसतं ते पानावरचं नाव, बस. फोन लागतो तो काहीतरी बिनसल्यावरच. दोन वर्षं एकमेकांशी फक्त अडचणीतच बोललात तर आवाज ऐकूनच कपाळाला आठी पडणार.

पगाराचं अंतर, गणवेशावरच्या चार पट्ट्या, विमानतळावर वळून बघणारे लोक, हेही आहेच. त्याबद्दल रडण्यात मला रस नाही.

८. पण उद्धटपणा काय फक्त पायलटच करतात?

मुळीच नाही. स्वतःचंच सांगतो. एका कॅप्टनने विचारलं, “हा ऑल्टरनेट का दिलात?” मी म्हणालो, “सिस्टिमने दिलाय.” ते शांतपणे म्हणाले, “बरं, मग सिस्टिमचा नंबर द्या, तिलाच फोन करतो.” त्यानंतर मी ते वाक्य कधी उच्चारलं नाही.

दुसरा आमचा जुना रोग म्हणजे सूचनांचा ढीग ओतणे. धावपट्टी, दिवे, क्रेन, पक्षी अशा नोटॅमची पानंच्या पानं न खुणावता पाठवायची आणि वर म्हणायचं, “दिलं होतं की!” ७ जुलै २०१७ ला सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान रात्री टॅक्सीवेलाच (धावपट्टीकडे ये-जा करायच्या रस्त्यालाच) धावपट्टी समजून खाली येत होतं. तिथे चार विमानं रांगेत उभी होती, थोडक्यात वाचली. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांच्या कागदांत होती, पण ढिगात. महत्त्वाच्या दोन ओळी वर काढून ठेवणं ही आमच्या बाजूने कॅप्टनच्या वेळेची केलेली कदर असते.

९. विमान हवेत असताना मतभेद झाला तर?

निर्णय कॅप्टनचा (प्रश्न २). पण वरून फोन आल्यावर खालून कुठला सूर लागतो याने फरक पडतो.

३१ जानेवारी २००० ची अलास्का एअरलाइन्सची फ्लाइट २६१ डिस्पॅचरच्या प्रत्येक वर्गात शिकवावी असं मला वाटतं. मेक्सिकोतल्या पोर्तो व्हायार्ताहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एमडी-८३, शेपटीचा स्टॅबिलायझर (विमानाचा तोल राखणारा भाग) अडकलेला. कॅप्टन लॉस एंजेलिसला उतरायचं म्हणत होते. डिस्पॅचकडून त्यांना सॅन फ्रान्सिस्कोलाच जावं यासाठी वळवण्याचा प्रयत्न झाल्याचं दिसतं, असं अमेरिकेच्या तपास मंडळाने नोंदवलं. विमान समुद्रात पडलं, सर्व ८८ जण गेले. अपघाताचं कारण डिस्पॅच नव्हतं. स्टॅबिलायझर हलवणाऱ्या स्क्रूला पुरेसं वंगण नव्हतं, आटे झिजून गेले होते. तरीही बिघडलेलं विमान हातात धरलेल्या माणसाला खालच्यांशी हुज्जत घालावी लागली, हे मनातून जात नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. २५ जानेवारी १९९० ला अविआंका या कोलंबियन एअरलाइनची फ्लाइट ५२ न्यूयॉर्कला येताना वाटेत ठिकठिकाणी मिळून तासाभराहून जास्त घिरट्या घालून इंधन संपल्याने कोसळली, ७३ जण गेले. तिथे भांडण नव्हतंच, कारण बोलणंच नव्हतं. वैमानिकांनी डिस्पॅचची मदत घेतली नाही, हे तपासात अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांपैकी एक ठरलं. मला विचाराल तर तावातावाने भांडणारा कॅप्टन परवडला, अजिबात फोन न करणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते.

१०. संपर्कच होत नसेल तर डिस्पॅचर स्वतःहून आणीबाणी जाहीर करू शकतो का?

अमेरिकेत हो, कॅप्टनशी संपर्क होत नसेल तर त्याने ती जाहीर करायचीच असते. आपल्याकडे कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमधली कार्यवाही सुरू करायची, आणि ती एअर ट्रॅफिक कंट्रोलच्या आड येणार नाही हे बघायचं.

११. कॅप्टन म्हणतात “मी बघून घेतो, तू फक्त सही कर.” अशा वेळी काय करायचं?

सही करू नका. इथे ‘सर’, ‘मॅम’, ज्येष्ठता सगळं बाजूला.

२८ नोव्हेंबर २०१६ ला लामिया कंपनीचं विमान ब्राझीलच्या शापेकोएन्से फुटबॉल संघाला घेऊन बोलिव्हियातून कोलंबियातल्या मेडेलिनला निघालं. फ्लाइट प्लॅनमध्ये प्रवासाचा वेळ होता ४ तास २२ मिनिटं, आणि इंधन पुरण्याचा वेळही ४ तास २२ मिनिटं. राखीव शून्य! प्लॅन स्वीकारणाऱ्या अधिकारी बाईंनी यावर बोट ठेवलं होतं. त्यांच्या सांगण्यानुसार डिस्पॅचरचं उत्तर होतं की चालेल, जमेल. मेडेलिनजवळ इंधन संपलं आणि ७७ पैकी ७१ जण गेले. तो डिस्पॅचरही त्याच विमानात होता.

नकार देताना आवाज चढवायची गरज नाही. “सर, हा आकडा नियमात बसत नाही, मी ड्यूटी मॅनेजरना लाइनवर घेतो,” एवढं पुरतं.

१२. ड्यूटीची वेळ संपली म्हणून कॅप्टन उडायला नकार देतात आणि राग आमच्यावर निघतो. ते आमचं काम आहे का?

नाही. ते क्रू कंट्रोलचं, म्हणजे पायलट आणि इतर क्रूच्या ड्यूट्या लावणाऱ्यांचं, पण शेजारच्याच टेबलावर असल्यामुळे पायलटला सगळे एकच वाटतात. पायलटच्या ड्यूटीच्या नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा घट्ट केली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा हे सगळ्या देशाला कळलं. तुम्ही एवढंच करा: तुमच्या मार्गबदलामुळे उड्डाण वीस मिनिटांनी लांबणार असेल तर क्रू कंट्रोलला आधी सांगा. पायलटला ती बातमी ओएफपी उघडल्यावर कळायला नको.

१३. दिल्लीत धुकं, कॅप्टन जयपूर म्हणतात, मला लखनौ बरं वाटतंय. मी किती ताणून धरू?

हा प्रश्न दर डिसेंबरात येतो. कॅप्टनला दिसतं अंतर आणि इंधन. तुम्हाला दिसतं की जयपूरला आधीच विमानांची रांग गेली आहे आणि उभं करायला जागा उरणार नाही. ही माहिती त्यांच्याकडे नसते, म्हणून ती आधी द्या, मत नंतर. “सर, जयपूरचे बे भरत आलेत, तुमच्यापुढे आणखी विमानं वळतायत, लखनौ मोकळं आहे.” मग गप्प बसा. तरीही जयपूर म्हणाले तर जयपूरची तयारी करा, आणि पुढच्या दहा मिनिटांत तिकडची स्थिती बदलली तर पुन्हा कळवा. उतरल्यावर “मी म्हटलं होतं ना” हे मनातच ठेवा.

१४. मी मुलगी आहे. फोन उचलला की “कोणी सीनियर आहे का?” असं विचारतात.

माझ्या शेजारी बसणारी सहकारी अशा वेळी म्हणायची, “सर, ही फ्लाइट माझ्याकडे आहे. सीनियरना दिलं तरी ते मलाच विचारतील.” स्वरात गोडवा नाही, राग नाही. बहुतेक कॅप्टन ओशाळायचे. जे नाही ओशाळले त्यांची तिने तारीख-वेळेसकट नोंद ठेवली, आणि ती नोंद एकदा कामाला आली.

१५. पायलट व्हायचं होतं, पैसे जमले नाहीत म्हणून डिस्पॅचर झालो. कॉकपिटमध्ये बसलं की जळफळाट होतो. चालेल का?

प्रामाणिक प्रश्न आहे. आमच्यात असे बरेच आहेत. काही जण त्या जखमेवर फुंकर म्हणून पायलटच्या चुका शोधत बसतात आणि आयुष्यभर कडवट राहतात. पण कॉकपिटमध्ये बसणं टाळू नका. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे आपल्या हद्दीतल्या मार्गावर वर्षातून निदान एक एकेरी फेरी कॉकपिटमध्ये बसून करायची असते. अमेरिकेत वर्षाला पाच तास. लोक ती ‘फुकटची ट्रिप’ म्हणून उरकतात. मी एकदा मुंबईच्या पावसात जंप सीटवर (कॉकपिटमधल्या जादा खुर्चीवर) बसलो होतो. वायपर पुसत होते आणि काही दिसत नव्हतं, फर्स्ट ऑफिसर उंचीचे आकडे मोजून सांगत होता. त्या दिवसापासून एक टन जादा मागणाऱ्याला मी कारण विचारतो, पण आधी आकडा बदलतो.

उलट भेटही व्हायला हवी. शिफ्टच्या मध्यावर कंट्रोल सेंटरमध्ये येऊन तासभर बसलेला पायलट मी चौदा वर्षांत मोजून सहा पाहिले.

१६. कॅप्टननी बोलता बोलता फोन आपटला. पुन्हा करू का?

सांगायचं राहिलेलं उड्डाणाच्या सुरक्षिततेचं असेल तर लगेच करा, आणि वाक्य माहितीने सुरू करा: “सर, अहमदाबादचं हवामान आत्ता बदललंय.” फोन उचलला नाही तर विमानतळावरच्या आपल्या माणसाकरवी किंवा एकार्सवर (विमानाला मजकूर पाठवायच्या यंत्रणेवर) लेखी पाठवा आणि वेळ टिपून ठेवा. सुरक्षिततेचं काही राहिलं नसेल तर चहा प्या. विमान उतरल्यावर बहुतेक वेळा त्यांचाच फोन येतो. सॉरी वगैरे म्हणत नाहीत, “परतीचा ओएफपी झाला का?” एवढंच विचारतात. झाला असेल तर “हो सर, पाठवतो” म्हणा.